नाण्यावरचा चेहरा

आमच्या सिल्वासात जुन्या घरांतून अजून एखादं पोर्तुगीज नाणं निघतं. परवा शेजारच्या आजींनी डब्यातलं दाखवलं. राजा दोम कार्लोसचा चेहरा, साल १९०१. "पोर्तुगीज गेले १९५४ला, हा मात्र अजून माझ्या डब्यात बसलाय!" आजी हसल्या.

वर्तमानपत्रं नव्हती तेव्हा राजाची गोष्ट घरोघर नेत असे ते नाणंच. रोमनांनी हे पुरतं ओळखलं होतं. यहुद्यांचा पाडाव झाल्यावर सम्राट वेस्पासियनने काशा-पितळेची नाणी पाडली. त्यांवर खजुरीच्या झाडाखाली बसून रडणारी बाई आहे. हरलेला देश दाखवायचा, तर बाई! लोक बाजारहाट करत होते आणि तिचं रडणं हातोहाती फिरत होतं. कॅलिग्युला मारला गेल्यावर तर सिनेटने त्याची नाणी वितळवायला लावली. चेहराच नको.

आपल्याकडची गोष्ट थोडी निराळी. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ साली तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली, क्षत्रप नहपानाची. त्यातल्या नऊ हजारांवर नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हं ठोकली होती. वितळवली नाहीत, वरून ठोकली. म्हणून कित्येक नाण्यांवर खालचा नहपान अजून डोकावतो. आणि गंमत बघा, दुसऱ्याचा चेहरा झाकणारा हा राजा स्वतः आईचं, गौतमीचं नाव लावत होता.

हे वाचताना मला माझं लग्न आठवलं. ताटातल्या तांदळात अंगठीने माझं नवं नाव लिहिलं गेलं. मी तेव्हा बी.ए. झालेली, बावीस वर्षांची. खरं सांगते, वाईट वाटलं नाही, उलट मौजच वाटली. पण पुढे माहेरी कुणी जुन्या नावाने हाक मारली, की मी 'ओ' द्यायला क्षणभर उशीर करू लागले. तेव्हा कळलं काय गेलं ते.

ठोकणाऱ्याच्या मनात दर वेळी द्वेषच असतो असं नाही. सासूबाईंना मला आपलंसं करायचं होतं, आणि त्यांनी केलंही. पण आपलंसं करायला आधीचं झाकावंच लागतं का? मुंगीवर पाय पडू नये म्हणून जपणारे आम्ही. एखाद्याचं नाव पुसताना मात्र आमचा हात थबकत नाही. ती हिंसा नव्हे तर काय?

हे लिहिते आहे, कारण येत्या मार्गशीर्षात मुलाचं लग्न आहे. सुनेसाठी दोन नावं मीच हौसेने कागदावर लिहून ठेवली होती! ऐकायला गोड आहेत हो. पण आधी तिला विचारणार आहे. तिला आवडलं तर लिहू. तिचं तिलाच हवं असेल, तर ताटातले तांदूळ सरळ कुकरला लावू.