आधी ढिली कर

भंडाऱ्यात वैनगंगेच्या पुलाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका म्हाताऱ्या मिस्त्रीचं गॅरेज होतं. टिनाचं शेड, समोर कडुलिंब आणि हाताखाली एक पोरगा. धान वाहणारे टेम्पो, ऑटो, कधी एखादी जीप त्याच्याकडे यायची. मिस्त्री कमी बोलायचा. पोरगा त्याची भरपाई करायचा.

एका सकाळी शेडसमोर एक ठेंगणी, लाल, दोनच माणसांची गाडी येऊन थांबली. पोरगा हातातला पाना टाकून धावला. ती सॅन स्टॉर्म होती. बंगळूरच्या सॅन मोटर्सने नव्वदच्या दशकाच्या शेवटी काढलेली, फायबरच्या अंगाची, रेनोच्या छोट्या इंजिनाची हलकी गाडी. तशा फार गाड्या रस्त्यावर आल्याच नाहीत, त्यामुळे जिथे उभी राहील तिथे चार माणसं जमायची. लाखनीच्या एका माणसाने ती हौसेने घेतली होती आणि हात थकल्यावर भाच्याला देऊन टाकली होती.

भाचा उतरला. उतरताच त्याने सीटमागून एक वीट काढली आणि मागच्या चाकाखाली सरकवली. मिस्त्रीने आधी ती वीट पाहिली, मग गाडी पाहिली.

"हँडब्रेक धरत नाही, काका," भाचा म्हणाला.

तो कोरंभीच्या टेकडीवर पिंगलेश्वरीच्या दर्शनाला गेला होता. खाली उतारावर गाडी लावली, हँडब्रेक वर ओढला आणि पायऱ्या चढला. परत आला तेव्हा गाडी दहा पावलं पुढे जाऊन एका दगडाला टेकली होती. पुढचं फायबर तडकलं होतं. "एवढी हलकी गाडी," तो म्हणाला, "हिला थांबायला असं काय लागतं?"

"नाक खाली करून लावली होती का?"

"हो."

"मंग वजन पुढं गेलं, मागं कमी राह्यलं. अन् हँडब्रेक मागच्याच चाकाले धरते, भाऊ."

मिस्त्री आत बसला आणि त्याने हँडब्रेक ओढला. दांडा चांगला कडक लागत होता, तरी गाडी एका हाताने ढकलली की हलत होती. त्याने दांड्याच्या बुडाचं कव्हर वर केलं. वायर आवळायचा नट पार टोकाला गेला होता. पुढे आटेच शिल्लक नव्हते.

"हे कोणी केलं?"

"मीच," भाचा म्हणाला. त्याच्या आवाजात थोडा अभिमान होता. सहा महिन्यांपूर्वी दांडा ढिला लागला तेव्हा त्याने स्वतः नट आवळला होता. सीटवर बसल्या बसल्या होणारं काम. दांडा कडक झाला. महिन्याभराने पुन्हा ढिला पडला, पुन्हा आवळला. हल्ली गाडी अ‍ॅव्हरेज कमी देत होती आणि लाखनीहून आलं की मागच्या चाकाला जळकट वास यायचा, पण त्याचा ह्याच्याशी संबंध असेल असं त्याला वाटलं नव्हतं. पायाचा ब्रेक तर बरा लागत होता. तो लागणारच, कारण धावत्या गाडीत थांबवण्याचं बरंचसं काम पुढची चाकंच करतात. मागचं दुखणं त्यामुळे पुष्कळ दिवस झाकून राहतं.

पोराने फायबरला तडा जाऊ नये म्हणून लोखंडी जागा शोधून, लाकडी फळी ठेवून जॅक लावला. चाकं निघाली. पोराने मिस्त्रीकडे पाहिलं. "नवी वायर आणू का, नागपूरहून?"

"वायर राहू दे. पयले हा नट पूर्ण ढिला कर."

भाचा चमकला. "ढिला? अहो, आधीच धरत नाही!"

मिस्त्रीने उत्तर दिलं नाही. नट सुटला, दांडा लुळा पडला. मग पोराने हातोडीने हलके ठोके देत ड्रम काढला. आतून पिठासारखा बारीक, करडा गाळ खाली सांडला. मिस्त्रीने तो चिमटीत घेऊन बोटांनी चोळला.

"पुरात होती का गाडी?"

भाचा आठवू लागला. 2020 च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला महापूर आला होता, भंडारा शहरात पाणी शिरलं होतं. तेव्हा गाडी इथेच एका नातलगाच्या शेडमध्ये होती. चाकं बुडाली होती. नंतर इंजिन तपासलं, सीट वाळवल्या, बाहेरून धुतली. ड्रम कोणी उघडला नाही.

गाळाखाली ब्रेकचे शू दिसले. लायनर एका बाजूने झिजून आरशासारखे चकचकीत झाले होते. वर दातेरी चाकाचा छोटा अ‍ॅडजस्टर होता. लायनर झिजतील तसे शू बाहेर सरकवणं हे त्याचं काम. तो गंजून गच्च बसला होता. शू ड्रमपासून लांब राहिले होते आणि ते अंतर भरून काढायला भाचा वायर ओढत गेला होता.

"पण थोडं तरी धरायला हवं होतं ना?" भाच्याने विचारलं.

"बैलाचा कासरा दिवसभर ताणून धरला," मिस्त्री म्हणाला, "तर थांब म्हनतो का चाल म्हनतो, हे बैलाले कसं समजन?" मग त्याने बोटाने दाखवलं. वायर कायम ताणलेली असल्याने आतला दांडा मूळ जागी येतच नव्हता. तो जागेवर आल्याशिवाय अ‍ॅडजस्टर नीट चालत नाही. शिवाय एका बाजूचा शू चालत्या गाडीत घासत राहत होता. वास त्याचा होता.

दुपार कामात गेली. अ‍ॅडजस्टर रॉकेलमध्ये भिजवून, ब्रशने घासून, दात न दात मोकळा केला. जुन्याच शूंवर नवे लायनर बसवून आणले. ड्रम आतून पॉलिश पेपरने घासला. चाक हाताने फिरवलं की लायनर नुसता शिवून जाईल एवढेच शू मिस्त्रीने बाहेर काढले. मग भाच्याला पायाचा ब्रेक पुन्हा पुन्हा दाबायला लावला. वायरचा नट त्याने सगळ्यात शेवटी हातात घेतला. थोडाच फिरवला. सहाव्या खटक्याला दांडा थांबला.

वायर भाच्याच्या हाताशी होती, म्हणून सगळा इलाज तिच्यावरच झाला होता. दुखणं मात्र जिथे हात काळे होतात तिथे होतं. तिथवर जायचं तर सहा महिने आवळून मिळवलेला तो खोटा कडकपणा आधी सोडून द्यावा लागला, आणि काही तास हँडब्रेक अजिबात नसलेली गाडी पत्करावी लागली. घरातही पुष्कळदा असंच आवळणं चालतं.

संध्याकाळी पुलाच्या चढावर गाडी उभी करून पाहिली. हलली नाही. भाच्याने पैसे विचारले. मिस्त्रीने लायनरचे आणि दिवसाच्या मजुरीचे सांगितले.

"नवे लायनर बसाले वेळ लागते," तो म्हणाला. "पाचशे किलोमीटर झाले का परत आन. दांडा जरा ढिला लागन. तवा घरी नट फिरवू नको."

भाचा हसला आणि गाडीत बसला. पोरगा तोवर एका ऑटोखाली शिरला होता.