पाळण्यासाठीं मासा धरावा काय?

ओढ्याकांठीं राहणाऱ्या आमच्या वाचकांस मासे धरणें हें कांहीं नवें काम नाहीं. जाळें, गळ, टोपली, किंवा कांहींच नसलें तर जुन्या धोतराचा तुकडा घेऊन मुलें पाण्यांत उतरतात, आणि सायंकाळीं घरांत कालवण होतें. परंतु अलीकडे मासा धरण्याचें दुसरेंही एक कारण झालें आहे. बारीक विणीच्या जाळ्यानें ओढ्यांतले बोटाएवढे सुंदर मासे धरावयाचे आणि ते कांचेच्या पेटींत घालून घरांत ठेवावयाचे, अथवा ठेवणाऱ्यांस विकावयाचे. याविषयीं विचारलें असतां बहुधा असें उत्तर मिळतें: "आम्ही मासा मारीत नाहीं, पाळतों. खाणाऱ्यापेक्षां पाळणारा बरा नव्हे काय?" हें उत्तर कितपत खरें आहे, याचा आज आपण विचार करूं.

ज्यानें जीव घेतला त्यापेक्षां ज्यानें जीव राखिला तो दयाळू, असें कोणीही म्हणेल. परंतु मासा पेटींत घातला म्हणजे त्याचा जीव राखिला असें होत नाहीं. तो राखण्याचा भार आपण अंगावर घेतला, एवढेंच होतें. जो खाण्याकरितां मासा धरितो त्याचा आणि त्या माशाचा संबंध थोड्या वेळांत संपतो. जो पाळण्याकरितां धरितो त्याचा संबंध त्याच वेळीं सुरू होतो. कालपर्यंत अन्न, श्वास, सांवली व सोबती हीं सर्व ओढा त्या जीवास देत होता. आजपासून तीं देणारा हा एकटा मनुष्य. म्हणून पाळणाऱ्याचें देणें खाणाऱ्याच्या देण्याहून मोठें आहे.

हें देणें केवढें आहे तें एका माशावरून पाहूं. खडकास चिकटून राहणारा मळ्या दख्खनच्या पुष्कळ ओढ्यांत आहे. कर्नल साइक्स यांनीं १८३९ सालीं दख्खनच्या माशांचें वर्णन प्रसिद्ध केलें, तेव्हां याचें देशी नांवच त्यांनीं शास्त्रीय नांवांत घातलें, आणि तें 'गारा मुल्या' असें अजून चालत आहे. हा मासा वाहत्या पाण्यांत वाढतो व दगडावरील शेवाळ खरवडून खातो. खळखळत्या थंड पाण्यांत जितका प्राणवायु असतो तितका तापलेल्या स्थिर पाण्यांत नसतो. शिवाय माशाच्या मलापासून व उरलेल्या अन्नापासून अमोनिया नांवाचें विष पाण्यांत उतरतें. ओढा तें वाहून नेतो. पेटींत तें सांचतें, आणि पाणी स्वच्छ दिसत असतांही मासा मरतो. या विषाचें रूपांतर करणारे सूक्ष्म जंतु नव्या पेटींत पुरेसे वाढावयास बहुधा चार ते सहा आठवडे लागतात. जो संध्याकाळीं पेटी आणतो व सकाळीं जाळें घेऊन निघतो, तो पाळण्याचें नांव घेऊन मारण्याचेंच काम करितो.

दुसरी गोष्ट मर्यादेची. पोट भरलें म्हणजे भूक थांबते. डोळ्यांची हौस तशी थांबत नाहीं, आणि पैशाची तर नाहींच. सह्याद्रीच्या ओढ्यांत अंगावर अरुंद काळसर पट्टे असलेला एक लहान मासा आहे. शास्त्रांत त्यास बोटिया स्ट्रायाटा म्हणतात. कोल्हापुराकडेही तो सांपडतो. २००५ पासून २०१२ पर्यंत भारतांतून संकटांत असलेल्या ३० जातींचे निदान १५ लक्ष गोड्या पाण्यांतील मासे कांचपेट्यांकरितां परदेशीं गेले, असें संशोधकांनीं मोजिलें. त्यांत या एका जातीचे पावणेचार लक्षांहून अधिक होते. एकेका माणसानें थोडेथोडेच धरिले असतील, पण त्या थोड्याथोड्यांची ही बेरीज आहे. चैत्रवैशाखांत ओढा तुटून डोह उरतात, आणि लांबवरच्या प्रवाहांतले मासे त्या डोहांत गोळा होतात. तेव्हां धरणें सर्वांत सोपें असतें, आणि तेव्हांच एका जाळ्यानें पुढच्या वर्षाचें बीं नाहींसें होतें.

मोशेच्या नियमशास्त्रांत, अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायांत, घरट्यांतील पिलें घेण्याची मोकळीक आहे. परंतु पिलांबरोबर आईस घेण्याची मनाई आहे. घेणाऱ्यानें घ्यावें, पण ज्यापासून पुन्हा उत्पन्न व्हावयाचें तें राखावें, असा त्याचा आशय आम्हांस दिसतो. पहिल्या पावसांत चढणीचे मासे अंडीं घालावयास वर येतात. त्यांस धरणें म्हणजे पिलांसह आई धरणें होय. तथापि सर्वच जाति त्या दिवसांत वीत नाहींत. केरळांत तांबड्या रेघेचा 'मिस केरळ' मासा फार धरला जाऊं लागला, म्हणून तेथील सरकारनें २००८ सालीं जून, जुलै व ऑक्टोबर या महिन्यांत मनाई केली. पुढें अभ्यासांत असें आढळलें कीं, त्याच्या विणीचा मुख्य काळ ऑक्टोबर ते मार्च असा आहे. हेतु चांगला होता, पण माहिती अपुरी होती. दयेस ज्ञानाची जोड लागते ती अशी.

कोणी म्हणेल, "कंटाळा आला तर मासा सोडून देऊं, ती तरी दयाच." ही समजूत सर्वांत घातक आहे. पेटींत इतर माशांबरोबर राहिलेला मासा त्यांचे रोग घेऊन ओढ्यांत जातो. दक्षिण अमेरिकेंतला सकर मासा पेटीची कांच स्वच्छ ठेवील म्हणून लोक घेतात, आणि तो फार वाढला म्हणजे नदींत टाकितात. आज तो भारतांतल्या अनेक नद्यांत पसरला आहे. म्हणून जें ओढ्यांतून घरीं नेलें तें मरेपर्यंत आपलें, असें समजूनच जाळें हातीं घ्यावें.

तर मग मासा पाळूंच नये काय? असें आम्ही म्हणत नाहीं. जो आपल्या ओढ्यांतला मासा रोज पाहतो, तो त्या ओढ्यांत घाण टाकावयास कचरतो, हाही लाभ आहे. आणि गरिबास त्यापासून दोन पैसे मिळतात, हेंही आम्ही विसरत नाहीं. पण ज्याचें पोट ओढ्यावर आहे त्यानेंच ओढ्याचें बीं आधीं राखिलें पाहिजे. पेटी आधीं सिद्ध करावी, मासे मागून आणावे. मोजके आणावे, पण थव्यानें राहणाऱ्या जातीचा एकटाच आणूं नये. डोह आटलेले असतां आणि मासे चढत असतां जाळें घरीं ठेवावें. मुलांस शिकविणाऱ्या बंधुभगिनींस आमची सूचना अशी कीं, मासा बाटलींत घेऊन ओढ्याकांठींच मुलांस दाखवावा, आणि त्याच घटकेस त्याच डोहांत सोडावा. अशा पाहण्यानें ओढ्याचें कांहीं उणें होत नाहीं, आणि मुलांसही पुष्कळ शिकावयास मिळतें.