दप्तर आणि दायित्व

पुण्यात ७ जुलै १९१० रोजी विश्वनाथ काशीनाथ राजवाडे आणि खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली, तेव्हा या कामाची मागणी कोणी केलेली नव्हती. सरकारला त्याची गरज नव्हती. विद्यापीठांच्या दृष्टीने तो अभ्यासक्रमाबाहेरचा उद्योग होता. आणि ज्यांच्या घरांत जुने कागद पडून होते त्यांतील बहुतेकांना ते कागद म्हणजे एक तर अडगळ वाटे किंवा धोका. वेतन नाही, अधिकारपद नाही, आणि हाती लागलेल्या कागदातून काही निष्पन्न होईलच याची हमीही नाही. अशा स्थितीत काही माणसे स्वतःचे नसलेले भूतकाळाचे ओझे खांद्यावर का घेतात, हा प्रश्न इतिहासशास्त्राचा नव्हे, नीतीचा आहे.

त्याचे सोपे उत्तर स्वाभिमान हे आहे, आणि ते खोटे नाही. ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली प्रसिद्ध झाला व दीर्घकाळ तोच प्रमाण मानला गेला. त्यावर नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी १८६७ साली टीका केली, तेव्हा ते विद्यार्थिदशेत होते. पुढे काशीनाथ नारायण साने यांच्या ‘काव्येतिहाससंग्रहा’ने १८७८ पासून बखरी व पत्रे छापण्यास आरंभ केला. १८९८ साली राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड निघाला. असे बावीस खंड झाले. जित समाजाला आपली कथा जेत्याच्या तोंडून ऐकावी लागते, ही खंत या साऱ्या उद्योगामागे होती.

परंतु स्वाभिमान हा संग्राहकाला घराबाहेर काढू शकतो. कागद वाचताना तो उपयोगी पडतोच असे नाही. किंबहुना तेथे तो अडचणच करतो. ज्याला काय सिद्ध करायचे हे आधीच ठाऊक आहे, त्याने दप्तर उघडण्याचे कष्ट घ्यावेत कशाला? मंडळाच्या वाट्याला ही कसोटी लवकरच आली. शिवाजी महाराजांचा जन्म शके १५४९ च्या वैशाखात झाला, ही समजूत बखरींच्या आधारे रूढ होती. कारीच्या जेधे देशमुखांकडील शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रकाशात आणली, आणि तीत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया अशी तिथी निघाली. लोकोत्सव ज्या तिथीशी बांधलेला, तिच्यापेक्षा ही जवळजवळ तीन वर्षांनी अलीकडची. तंजावर येथे सापडलेल्या परमानंदकृत ‘शिवभारता’चा पाठ सदाशिव महादेव दिवेकर यांनी १९२७ साली मंडळातर्फे प्रसिद्ध केला, त्यातही हीच तिथी आढळली. वाद पुढे अनेक दशके चालला. तरीही जो कागद श्रद्धेच्या विरुद्ध बोलतो तो दडपायचा नाही, छापायचा, एवढी शिस्त पाळली गेली. आणि ती पाळणारे लोक श्रद्धाहीन नव्हते, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

राजवाड्यांच्या ठिकाणी हा ताण एकाच माणसात दिसतो. त्यांच्या प्रस्तावनांतील कित्येक सिद्धान्त आज कोणी गंभीरपणे मांडणार नाही. त्यांची व्युत्पत्ती कधी कधी केवळ प्रतिभेचा खेळ असते. पण प्रस्तावनेखाली छापलेली पत्रे जशी होती तशी उभी आहेत. स्वतःचे मत आणि कागदाचा मजकूर यांची सरमिसळ होऊ न देणे, हे त्या विक्षिप्त, एकांडी वृत्तीच्या माणसाचे मोठे देणे होय. पुढे ते मंडळापासून दूर गेले, आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यास वारले. संस्था स्थापन करणाराला संस्थेत नांदता येतेच असे नाही. धुळ्यातही त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले, हा योगायोगही त्यांना शोभणारा आहे.

दुसरा प्रश्न अधिक नाजूक आहे. घरातला कागद कोणाचा? इनाम कमिशनने १८५२ नंतर सनदा मागवून अनेकांची इनामे खालसा केली होती. त्यामुळे दप्तर दाखवणे म्हणजे वतन गमावणे ही भीती घराघरांत मुरलेली होती. दारात उभ्या असलेल्या संशोधकाला यजमानाने रिकाम्या हाताने परत पाठवले, तर त्यात अज्ञानापेक्षा अनुभवच जास्त होता. कागद वाण्याच्या पुड्यांना गेला, वाळवीने खाल्ला किंवा नदीत सोडला गेला, हे पाहून संग्राहकाचा जीव तुटणे स्वाभाविक. पण वाचवण्याच्या तळमळीतूनही मालकीचा हक्क उत्पन्न होत नाही. येथे स्वयंसेवी मंडळाला एक नैतिक सोय होती: त्याच्यापाशी हुकूम नव्हता. सरकारी अधिकारी कागद मागवतो; मंडळाच्या सभासदाला तो मागावा लागे, ओसरीवर बसावे लागे, आणि नकार मिळाल्यास पुन्हा यावे लागे. उलट, पेशवे दप्तर सरकारच्या ताब्यात होते, आणि गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली त्याच्या निवडीचे पंचेचाळीस खंड १९३० ते १९३४ या काळात निघाले तेव्हा त्या दप्तरात प्रवेश कोणाला, यावरून पुण्यातील अभ्यासकांत कडवटपणा माजला. दार उघडणारा मालक बदलला म्हणजे याचकाची मनःस्थितीही बदलते.

अशा संस्थेची पुंजी समाजाचा विश्वास ही असते, आणि तो एका दिवसात जाऊ शकतो. पुण्यातील भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर ५ जानेवारी २००४ रोजी जमाव चालून गेला आणि ग्रंथ व हस्तलिखितांची नासधूस झाली. त्या कृत्याचे समर्थन होऊ शकत नाही. तरीपण या संस्थांतून जमलेला भूतकाळ कोणाचा, आणि जमवणारे कोणत्या घरांतून आले होते, हा प्रश्न त्याने नाहीसा होत नाही. तो जोतीराव फुले यांनी १८६९ साली शिवाजीवर पोवाडा रचला तेव्हापासूनचा आहे. कागद त्यांच्याच घरी उरले ज्यांना वतन होते आणि ज्यांना अक्षर येत होते. बाकीच्यांच्या घरी रुमाल बांधून ठेवण्याजोगे काही नव्हतेच.

मात्र रुमालात काय बांधले गेले, हे बांधणाऱ्यालाही पुरते ठाऊक नसते. मोडी दप्तरांच्या शोधात फिरणाऱ्यांना मोहिमा, तह, राजकारण हवे होते. त्याच दप्तरांतून वेठीस धरलेल्या माणसांच्या नोंदी आल्या, कुणबिणींच्या खरेदीविक्रीचे कागद आले, दुष्काळात सोडून दिलेल्या सुटीचे हिशेब आले. जमवणारांनी ते शोधले नव्हते, फेकूनही दिले नाहीत. क्रमांक देऊन, फडक्यात गुंडाळून ठेवले. मोडी आता व्यवहारातून गेली आहे आणि ती सहज वाचणारे हात थोडे आहेत. कित्येक रुमालांच्या गाठी अजून तशाच आहेत.