न दिसणाऱ्या गिऱ्हाइकाशीं बोलणें

मोहोळ तालुक्यांतील एका लहान गांवीं उपासना आटोपल्यावर मंडळींतील एका बाईंनीं आम्हांस चहास बोलाविलें. बाईंचे यजमान पूर्वीं सोलापुरास यंत्रमागावर टॉवेल विणीत असत. तें काम सुटल्यापासून घर चालतें तें बाईंच्या हातच्या साबणावर व उटण्यावर. ओसरीवर फळ्या मांडून त्यांवर साबणाच्या वड्या वाळत ठेविल्या होत्या, आणि शेजारीं बाईंचा भाचा मांडीवर संगणक घेऊन बसला होता. हा मुलगा सोलापुरास महाविद्यालयांत शिकतो. आत्याचा माल गांवच्या आठवडे बाजारापलीकडे जावा म्हणून त्यानें तिच्या नांवाची वेबसाइट तयार केली आहे. तीवर मालाचीं चित्रें आहेत, किंमती आहेत, आणि गिऱ्हाइकानें मोबाइलवरून पैसे पाठविले म्हणजे पुडकें टपालानें रवाना होतें.

बाईंनीं तें पान आमच्या हातीं दिलें आणि म्हटलें, "पाळकसाहेब, हें वाचा, आणि ह्यांत खोटें कांहीं आहे का तें सांगा. मला वाचून लाज वाटते. हा म्हणतो, सगळेच असें लिहितात."

पानावर लिहिलें होतें कीं, हा माल शंभर टक्के नैसर्गिक असून रसायनविरहित आहे, व तो घरच्या घरीं हातांनीं बनविलेला आहे. एका वडीचें नांव डाळिंबी साबण असें असून तिचें चित्र पिकल्या दाण्यासारखें लालभडक होतें. खालीं पुणें, नाशिक व मुंबई येथील पांच गिऱ्हाइकांनीं केलेली स्तुति छापिली होती. पुढें चौकशी केली तेव्हां समजलें कीं, हीं पांचही गिऱ्हाइकें म्हणजे भाचा व त्याचे वसतिगृहांतील सोबती.

साबण करून विकणें हा धंदा चांगला आहे, व घरबसल्या तो दूरवर विकितां येतो ही सोय तर फारच चांगली, ह्याविषयीं वाद नाहीं. प्रश्न निराळाच आहे, आणि तो वरवर दिसतो तितका सोपा नाहीं. कारण तो मुलगा लबाड नाहीं. त्यानें आम्हांस जो युक्तिवाद ऐकविला तो असा: बाजारांत वांगीं विकणारा "लोण्यासारखीं वांगीं" म्हणून ओरडतो, त्यास आपण खोटारडा म्हणतों काय? विकणारा आपल्या मालाची स्तुति करणारच हें सर्वांस ठाऊक असतें. घेणारा त्यांतून चार आणे वजा करितो आणि मग भाव करितो. वेबसाइटवर तरी दुसरें काय चाललें आहे?

ह्या बोलण्यांत तथ्य आहे, म्हणून त्याचा नीट विचार केला पाहिजे. वांगींवाल्याची अतिशयोक्ति लबाडी ठरत नाहीं, ती कां? घेणारीला शब्द वजा करितां येतात, आणि ते वजा केल्यावरही तिच्या हातीं पुष्कळ कांहीं उरतें. ती वांगें दाबून पाहते, देंठ पाहते, कीड असेल तर बाजूस टाकिते. शेजारच्या टोपलीशीं ताडून पाहते. पुढच्या आठवड्यास तोच माणूस त्याच जागीं बसणार आहे व त्याचें घर कोठें आहे हेंही तिला ठाऊक असतें. अशा ठिकाणीं विकणाऱ्याचा शब्द म्हणजे गाण्यामागील ढोलकी होय. परंतु साबण जेव्हां पडद्यावर विकला जातो तेव्हां त्याला वास नसतो, स्पर्श नसतो, वजन नसतें. पुण्यास बसलेली बाई तो दाबून पाहूं शकत नाहीं. तिनें शब्द वजा केले तर तिच्यापाशीं उरतें काय? एक चित्र, आणि तेंही विकणाऱ्यानेंच निवडलेलें. म्हणजे तेथें शब्द हा मालाची जाहिरात राहत नाहीं, पैसे देण्याच्या क्षणापर्यंत तोच माल असतो. म्हणून जें वाक्य बाजारांत निरुपद्रवी असतें तेंच वाक्य पडद्यावर लबाडी होऊं शकतें, एक अक्षरही न बदलतां.

हें मान्य केलें म्हणजे त्या पानावरील एकेक शब्द तपासावा लागतो. आम्ही तसें केलें, आणि चहा दोनदां झाला.

"रसायनविरहित" हा शब्द पहिला. बाई करडईचें तेल घाण्यावरून आणितात. आपल्या सोलापूर भागांत करडई जुनी. परंतु नुसत्या करडईचा साबण मऊ होतो, म्हणून त्या त्यांत खोबरेल मिसळतात. तेल कोणतेंही असो, त्याचा साबण होण्यास क्षार लागतोच, आणि वडी घट्ट हवी तर तो क्षार म्हणजे कॉस्टिक सोडा. एक किलो खोबरेलास तो सुमारें १८३ ग्रॅम लागतो, करडईस त्याहून कमी. हा सोडा हातावर पडला तर कातडी भाजते. तो पाण्यांत हळूहळू टाकावा लागतो, पाणी त्यावर ओतलें तर उसळून अंगावर येतें. बाईंच्या मनगटावर त्याचा एक डाग आहे. आतां, माप बरोबर असेल आणि वड्या चार ते सहा आठवडे नीट वाळल्या तर सोडा तेलाशीं पूर्ण मिळून जातो, साबणांत सोडा म्हणून उरत नाहीं, आणि असा साबण अंगास चांगला असतो. परंतु सोड्यावांचून साबण झाला असें जो सांगतो त्यास एक तर साबण करितां येत नाहीं किंवा तो खरें बोलत नाहीं. ज्या बाईंच्या मनगटावर डाग आहे त्यांच्याच पानावर "रसायनविरहित" हा शब्द असावा ह्याचें आम्हांस वाईट वाटलें. ह्या शब्दानें त्यांचें सर्व कौशल्य पुसून टाकिलें होतें.

"नैसर्गिक" ह्या शब्दाविषयीं थोडकेंच. धोत्रा नैसर्गिक आहे आणि कण्हेरही. लिंबाचा रस अंगास लावून उन्हांत बसलें तर कातडीवर फोड येतात. आंबेहळद कोणास मानवते, कोणास मानवत नाहीं. उटण्यांत काय काय आहे, आंबेहळद, नागरमोथा, कचोरा, मसूरडाळ, हें ओळीनें लिहिलें तर ज्यास पाहावयाचें तो पाहील. ज्या आईच्या लेकराचें अंग खाजेनें फुटलें आहे ती रात्रीं मोबाइलवर ह्याच शब्दांचा शोध करीत असते. ती हौस म्हणून साबण घेत नाहीं. आपल्या शब्दावर विसंबून ती तो लेकराच्या अंगास लावणार आहे.

मग "हातांनीं बनविलेला". येथें खरी अडचण निघाली. फळीवर दोन प्रकारच्या वड्या होत्या. तपकिरी वड्या बाईंनीं तेलापासून स्वतः केलेल्या. लाल, पारदर्शक वड्या मात्र निराळ्या: सोलापूरच्या बाजारांत साबणाच्या तयार लाद्या मिळतात, त्या आणून वितळवावयाच्या, रंग व सुगंध घालून साच्यांत ओतावयाच्या. हेंही हातांनींच केलेलें काम. भाच्याचें म्हणणें कीं शब्द खरा आहे. शब्द खरा आहेच! परंतु तो वाचून घेणारीच्या मनांत जें चित्र उभें राहतें तें खरें आहे काय? तयार पीठ आणून भाकरी थापिली तर भाकरी हातचीच. पण "घरचें जोंधळ्याचें पीठ" म्हणून कोणी ती विकीत नाहीं. खऱ्या शब्दानें खोटी समजूत करून देणें ही खोटें बोलण्याची जुनीच रीत आहे, आणि ती शिकल्यासवरल्या माणसास अधिक साधते.

डाळिंबी साबणाची गोष्ट तर मौजेची आहे. आपल्या जिल्ह्याचें डाळिंब नांवाजलेलें आहे. केगांव येथें २००५ सालापासून डाळिंबाचें राष्ट्रीय संशोधन केंद्रही आहे. बाईंनीं हौसेनें सालीचें चूर्ण व रस साबणांत घालून पाहिला. क्षाराशीं गांठ पडतांच रसाचा तांबडा रंग जातो व वडी मातकट तपकिरी होते. ही अस्सल डाळिंबाची वडी. आणि चित्रांतील लाल वडींत डाळिंबाचा थेंबही नाहीं, ती बाजारच्या रंगाची. अस्सल वस्तूस तिचें रूप नाहीं म्हणून नकलीचें रूप तिच्या नांवावर लाविलें होतें. आम्ही भाच्यास विचारलें, "लाल चित्र पाहून पैसे पाठविणाऱ्या बाईस तूं कोणती वडी धाडितोस?" तो म्हणाला, "लालच." मग आत्यानें सालीं वाळवून कुटलेलें चूर्ण गेलें कोठें?

स्तुतीच्या पांच पत्रांविषयीं आम्हांस कठोर बोलावें लागलें. विकणाऱ्यानें गिऱ्हाइकाचें सोंग घेऊन आपल्याच मालाची वाहवा लिहूं नये असें २०२० सालच्या ग्राहक संरक्षण नियमांत स्पष्ट आहे. परंतु नियम नसता तरी काय? पंचाची साक्ष आणि पक्षकाराची साक्ष ह्यांतील भेद आपल्या गांवच्या शेंबड्या पोरासही कळतो. बाकीच्या शब्दांत अतिशयोक्ति तरी होती, येथें तर माणसेंच बनविलेलीं होतीं.

हें बोलतांना आमची जीभ थोडी अडखळली, तें कां हें सांगणें न्याय्य होईल. मंडळीच्या वार्षिक अहवालांत उपस्थितीचा आंकडा लिहितांना, सणाच्या दिवशींची गर्दी मनांत धरून, आम्हीही कधीं कधीं "सरासरी" ह्या शब्दास बरेंच ताणलें आहे. अहवाल वाचणारेही आमच्या गांवापासून दूर असतात, आणि त्यांसही आमच्या शब्दावांचून दुसरें कांहीं दिसत नाहीं.

सोलापूरकरांनीं तरी ही गोष्ट लवकर ओळखावी असें आम्हांस वाटतें. इतरत्र विणलेल्या चादरी "सोलापुरी" म्हणून विकल्या जातात हें आपलें गाऱ्हाणें जुनें आहे. म्हणून तर सोलापुरी चादर व सोलापुरी टॉवेल ह्या नांवांची भौगोलिक निर्देश म्हणून २००५-०६ सालीं नोंदणी झाली. ज्यांच्या घरांतील माणसें मागावर झिजलीं त्यांस चोरलेल्या नांवाचा राग येतो, आणि तो योग्यच आहे. बाईंचे यजमान इतका वेळ कोपऱ्यांत गप्प बसले होते, ते ह्या वाक्यावर एकदम म्हणाले, "आमचा टॉवेल म्हणून भलताच टॉवेल विकीत. लोक तो धुवीत, तो विटे, आणि शिव्या आम्हांस." भाचा खालीं पाहूं लागला.

एक अप्रिय गोष्टही आम्हीं सांगितली. अंगास लावावयाचा साबण कायद्याच्या दृष्टीनें सौंदर्यप्रसाधनांत मोडतो, व विक्रीसाठीं करावयाचा तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. घरीं केला किंवा वेबसाइटवर विकला म्हणून तो चुकत नाहीं. पुडक्यावर व पानावर करणाराचें नांव, पत्ता, निव्वळ वजन व किंमत लिहावी लागते. बाईंस ह्यांतील कांहींच ठाऊक नव्हतें. परवान्यास जागा व खर्च लागतो, आणि तो एकट्या बाईस झेपेल असें आम्हांस वाटत नाहीं. चार बायांचा बचत गट मिळून कदाचित् झेपेल. वजनाचीही एक मेख आहे. साबण कापला तेव्हां शंभर ग्रॅम भरतो, वाळतां वाळतां त्यांतील पाणी उडून तो हलका होतो. कोणत्या दिवशींचें वजन लिहावें? बाईंनीं आम्ही सांगण्यापूर्वींच उत्तर दिलें, "घेणारीच्या हातीं पडेल त्या दिवशींचें."

मग सर्वच सांगावें काय? नाहीं. किती करडई व किती खोबरेल, सोडा केव्हां ओततात, ही बाईंची विद्या आहे, ती त्यांनीं खुशाल आपल्यापाशीं ठेवावी. गुपित ठेवणें आणि फसविणें ह्यांत अंतर आहे. तें कोठें पडतें हें ठरविण्यास आम्हांस एकच उपाय सुचला: पुण्याची ती बाई चुलीपाशीं उभी राहून हें सर्व पाहत आहे असें धरावें, आणि कोणत्या जागीं ती "मला हें सांगितलें नव्हतें" म्हणून तोंड फिरवील तें पाहावें. माप न कळल्यानें ती तोंड फिरविणार नाहीं. तयार लादी पिशवींतून निघतांना पाहिली तर फिरवील.

भाच्यानें शेवटीं जो प्रश्न विचारला त्याचें समाधानकारक उत्तर आमच्यापाशीं नव्हतें व आजही नाहीं. तो म्हणाला, "आत्याचा साबण तपकिरी आहे, सोड्याचा आहे, असें मीं लिहिलें, आणि शेजारच्या पानावर दुसऱ्यानें लाल व रसायनविरहित लिहिलें, तर लोक त्याचाच घेणार. मग आत्यानें खावें काय?" खरेपणानें धंदा वाढतोच असें आम्ही त्यास सांगितलें नाहीं, कारण तें नेहमींच खरें असतें असें नाहीं, पुष्कळदां खरें बोलणारा मागें पडतो आणि त्याची भरपाई होत नाहीं. बाईंच्या घरीं पुढच्या महिन्याचें तेल उधारीवर येणार आहे हें आम्हांस दिसत होतें.

बाई उठल्या, किराण्याच्या बिलाची कोरी बाजू घेतली, आणि भाच्यास सांगून लिहविलें: तपकिरी साबण करडईच्या व खोबऱ्याच्या तेलाचा, कॉस्टिक सोडा घालून केलेला, सहा आठवडे वाळविलेला. डाळिंबाची साल आहे, रंग लाल नाहीं. लाल साबण तयार लादी वितळवून केलेला, किंमत कमी. "आणि तीं पांच माणसें काढून टाक," त्या म्हणाल्या. मुलानें तेथेंच तीं काढिलीं. त्या जागीं पांढरी मोकळी पट्टी राहिली. ती कशी भरावी असें त्यानें विचारलें तेव्हां बाई म्हणाल्या कीं, तूर्त राहूं दे. आणि विक्री परवाना निघाल्यावरच सुरू करावयाची असें ठरवून त्या फळीवरच्या वड्या उलटूं लागल्या.