एकटीचा आपद्धर्म

आपत्तीविषयीं आमच्याकडे जें लिहिलें व बोललें जातें, त्यांत आपत्ति बहुधा मोठ्या आकाराची असते. पूर, दुष्काळ, युद्ध, सांथ हीं तिचीं नेहमींचीं रूपें. आणि तिला तोंड देणारा पुरुषहि राजा, सेनापति, निदान गांवचा पुढारी असतो. महाभारताच्या शांतिपर्वांत आपद्धर्माचें एक स्वतंत्र उपपर्व आहे. तेथलाहि उपदेश भीष्मानें युधिष्ठिराला, म्हणजे एका राजालाच, केलेला आहे. परंतु दुपारीं दोनच्या सुमारास, शहरांतल्या एखाद्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांच्या जागेंत परक्यांचीं पांच मुलें निजवीत बसलेल्या बाईवर जी आपत्ति येते, तींत तिचा धर्म कोणता, हा प्रश्न आमच्या नीतिचर्चेंत क्वचित् निघतो. तो निघावा एवढ्यासाठींच हा लेख.

ज्या घरगुती पाळणाघरांविषयीं आम्ही बोलत आहों, तीं मुंबई-पुण्यासारख्या शहरांत आतां नवीं राहिलेलीं नाहींत. आईबाप दोघेहि कामावर जातात. आजी गांवीं असते किंवा नसतेच. म्हणून शेजारची, ओळखीची कोणी काकू अथवा मावशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत मूल सांभाळते. तिच्या दाराला बहुधा पाटी नसते, हाताखालीं माणूस नसतें. तिला नात्यानें हांक मारली जाते आणि महिन्याच्या महिन्याला पैसे दिले जातात. या दोन गोष्टींच्या मधोमध तिचें काम उभें आहे, आणि तिच्या जबाबदारीविषयींचा आमचा सारा घोटाळाहि तेथूनच निघतो. सर्व सुरळीत असलें म्हणजे ती मावशी. कांहीं बिनसलें म्हणजे पैसे घेणारी बाई.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. शेंगदाणा किंवा द्राक्ष लहान मुलाच्या श्वासनलिकेंत अडकूं शकतें. बादलींतल्या चार बोटें पाण्यांतहि रांगतें मूल बुडूं शकतें. आणि तें आरडाओरडा न करतां, अगदीं निमूटपणें बुडतें. खेळण्यांतली बटणाएवढी चपटी बॅटरी गिळली गेली तर ती दोन तासांच्या आंत अन्ननलिका जाळूं शकते. मेंदूला प्राणवायु मिळेनासा झाला कीं चार ते सहा मिनिटांत कायमची इजा होऊं लागते. महाराष्ट्रांत २०१४ पासून १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावतां येते, ही मोठी सोय खरी. पण शहरांतल्या गर्दींतून कोणतीहि गाडी दर वेळीं इतक्या मिनिटांत पोंचेल, असें कोण म्हणेल? म्हणजे पहिलीं कांहीं मिनिटें त्या बाईचींच आहेत. तीं दुसऱ्या कोणाला देतां येत नाहींत.

आणि तिच्यापुढें मूल एकच नसतें. एकाला उचलून ती खालीं धांवली तर उरलेलीं चार, पेटत्या शेगडीसह आणि उघड्या गॅलरीसह, मागें राहतात. त्यांच्यापाशीं थांबली तर हातांतलें मूल हातांत राहील कीं नाहीं, सांगतां येत नाहीं. एक आणि चार अशी बेरीज-वजाबाकी मांडून हा प्रश्न सुटत नाहीं. कारण एकाचें संकट प्रत्यक्ष आहे व चौघांचें संभाव्य. तथापि संभाव्य संकट तें संकटच नव्हे, असेंहि नाहीं. दोन वर्षांचें पोर मोरींत शिरून आंतून कडी लावून घेण्यास कितीसा वेळ लागतो? अशा क्षणीं सद्बुद्धि सुचेल असें मानणें म्हणजे मनुष्यस्वभावाकडे डोळेझांक करणें होय.

येथें वैद्यकानें नीतिशास्त्राच्या पुढें पाऊल टाकलें आहे, हें नमूद केलें पाहिजे. बेशुद्ध होऊन श्वास थांबलेलें मूल आढळलें, मदतनीस एकटाच असला आणि फोन हाताशीं नसला, तर त्यानें आधीं एक-दोन मिनिटें छाती दाबण्याचे व तोंडानें श्वास देण्याचे उपचार करावे आणि मग मदतीसाठीं जावें. मूल अगदीं लहान असल्यास त्याला बरोबर घेऊनच जावें, असें त्या शास्त्राचें सांगणें आहे. उलट प्रौढ मनुष्य अकस्मात् कोसळला तर आधीं मदतीला बोलवावें. या फरकाचें कारण असें कीं मुलांचें हृदय बहुधा श्वास थांबल्यामुळें थांबतें, आणि प्रौढाचें पुष्कळदां स्वतःच्याच विकारानें. फोन जवळ असेल तर तो उघडा ठेवून बोलतां बोलतां उपचार करावे, हें उघडच आहे. या नियमांत आम्हांला महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी कीं, आधीं काय व मागून काय याचा निवाडा दुसऱ्या कोणीतरी, शांतपणें, पुराव्यानिशीं, अगोदरच करून ठेवलेला आहे. त्या बाईला त्या क्षणीं निवाडा करावयाचा नसतो. तो आठवावयाचा असतो.

हेंच तत्त्व जरा व्यापक करून पाहूं. आपद्धर्म म्हणजे आपत्तीच्या वेळीं सुचेल तें करण्याची मोकळीक, असा त्याचा अर्थ आमच्यांत रूढ झाला आहे. वस्तुतः आपद्धर्माचा बराचसा भाग आपत्तीच्या पूर्वींच आचरावयाचा असतो. मोरींतली बादली पालथी ठेवली होती का? समोरच्या बिऱ्हाडांतल्या वहिनींशीं 'हांक मारली तर याल ना?' एवढें बोलणें कधीं झालें होतें का? प्रत्येक मुलाच्या आईबापांचे क्रमांक आणि जवळच्या डॉक्टरांचा पत्ता भिंतीवर लिहिलेला होता का? मुलाला दवाखान्यांत नेण्याची लेखी संमति घेऊन ठेवली होती का? आणि सर्वांत अवघड प्रश्न: पांचवें मूल घेतांना 'मला एकटीला झेपणार नाहीं' असें ती म्हणूं शकली होती का? अपघाताच्या क्षणाची नीति अशा कंटाळवाण्या, निर्घोर दिवशीं ठरत असते. त्या दिवशींच्या दक्षतेचें कौतुक कोणी करीत नाहीं, कारण तिचें फळ म्हणजे कांहींच न घडणें. आणि न घडलेल्या गोष्टीबद्दल आभार मानण्याची रीत जगांत नाहीं.

आतां जबाबदारीच्या स्वरूपाकडे वळूं. मूल ही आईबापांनीं त्या बाईपाशीं ठेवलेली ठेव आहे, असें सहज म्हटलें जातें. आमच्या धर्मशास्त्रानें ठेवीचा विचार बारकाईनें केलेला आहे. मनु व याज्ञवल्क्य या दोघांचेंहि म्हणणें थोडक्यांत असें कीं, ज्यानें ठेवीला स्वतः हात लावला नाहीं, त्याच्याकडून ती चोरानें, पुरानें, आगीनें किंवा राजा व दैव यांच्यामुळें गेली, तर भरपाई त्याच्या माथीं येत नाहीं. हा न्याय आहे आणि त्यांत दयाहि आहे. परंतु तो मुलाला पुरता लागू पडत नाहीं. सोन्याची पुतळी पेटींत घालून कुलूप लावलें म्हणजे राखणदाराचें काम संपतें. मूल पेटींत ठेवतां येत नाहीं. तें चालतें, चढतें, तोंडांत घालतें, लपून बसतें. आणि त्यानें तसें करावें यासाठींच तर त्याला वाढवावयाचें असतें! सर्व अपघात टाळण्याचा एकच खात्रीचा उपाय म्हणजे मुलाला खुर्चीला बांधून ठेवणें. आणि जी बाई तसें करील तिच्याकडे कोणता शहाणा बाप आपलें मूल ठेवील? तेव्हां थोडा धोका पत्करणें हा तिच्या कामांतला दोष नसून तो त्या कामाचा भागच आहे. खरचटलेला गुडघा म्हणजे हयगयीचा पुरावा नव्हे.

कोणी म्हणेल कीं, आईहि घरीं एकटीच असते. मग पगारी बाईवरच एवढा भार कां? याचें एक उत्तर असें कीं, पूर्वींची आई बहुधा एकटी नसे. वाड्यांत सासू, जाऊ, नणंद, पडवींतला म्हातारा, चाळींत दहा उघडीं दारें, यांच्या नजरा त्या पोरांवर असत. आज ज्याला आम्ही एकीचें दुर्लक्ष म्हणतों, तें पुष्कळदां दहा डोळ्यांचें काम दोन डोळ्यांवर टाकल्याचा परिणाम असतो. दुसरें उत्तर असें कीं, आई स्वतःच्या मुलाविषयीं जो धोका पत्करते, तो तिचा असतो. पाळणाघरवाली दुसऱ्याच्या वतीनें पत्करते. पैशानें माया विकत मिळत नाहीं हें खरें. पण पैसे घेतल्यानें वचन बांधलें जातें. मात्र वचनाला दोन बाजू असतात, आणि दुसरी बाजू आम्ही सोयिस्करपणें विसरतों.

ती बाजू अशी. माणसाचें लक्ष ही मर्यादित वस्तु आहे. इंग्लंडांत घरीं मुलें सांभाळणाऱ्या बायांसंबंधींचा कायदा १९४८ सालींच झाला. आणि आजच्या तेथल्या नियमाप्रमाणें अशा बाईनें सामान्यतः आठ वर्षांखालील सहापेक्षां अधिक मुलें एका वेळीं ठेवूं नयेत, त्यांत शाळेच्या वयाखालचीं तीनच असावीं, आणि वर्षाच्या आंतलें एकच. मुलांच्या प्रथमोपचाराचा बारा तासांचा अभ्यास तिला करावा लागतो, व तो दर तीन वर्षांनीं नवा करावा लागतो. हे आंकडे म्हणजे दोन हातांच्या मर्यादेची राज्यानें दिलेली कबुली आहे. आमच्याकडेहि २ ऑक्टोबर १९७५ रोजीं एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हांपासून अंगणवाडींत सेविकेच्या जोडीला मदतनीस असावी अशी योजना आहे. कारण एकीनें एकाला पाहिलें तर दुसरीनें बाकीच्यांना पाहावें. घरगुती पाळणाघरांत ती दुसरी बाई कोठें आहे? ती नाहीं, कारण तिचा पगार द्यावयाचा तर प्रत्येक मुलामागें पैसे वाढवावे लागतील. आणि पैसे वाढवले तर आईबाप पुढच्या गल्लींतली स्वस्त मावशी शोधतील. कामावर जाणाऱ्या आईबापांचीहि ओढाताण आम्ही जाणतों. त्यांतल्या पुष्कळांना खरोखरच अधिक परवडत नाहीं. परंतु परवडत नाहीं म्हणून जो धोका आपण पत्करतों, तो आपणहि पत्करला होता, एवढें तरी अपघातानंतर विसरूं नये.

यांतूनच एक फार नाजूक प्रश्न निघतो, तो सत्य सांगण्याचा. दुपारीं मूल पलंगावरून पडलें, डोक्याला टेंगूळ आलें, थोडें रडून खेळूं लागलें. संध्याकाळीं आई न्यावयास येते. सांगावें कीं न सांगावें? सांगितलें तर विश्वास उडेल, मूल जाईल, आणि एक मूल गेलें म्हणजे घरांतल्या धान्याचा हिशेब बदलतो. न सांगितलें तर कदाचित् कांहींच होणार नाहीं. परंतु डोक्याच्या मारानंतर पुढचे कित्येक तास लक्ष ठेवावें लागतें. मूल पुनःपुन्हां ओकूं लागलें, किंवा गुंगल्यासारखें होऊन हांकेला नीट ओ देईनासें झालें, तर तें ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावें लागतें. ज्या आईला पडल्याचें ठाऊकच नाहीं, ती त्या झोपेला दिवसभराचा शीण समजेल. म्हणजे तें मौन म्हणजे केवळ असत्य नव्हे. अपघाताच्या वेळीं जी राखण चालली होती, ती त्या मौनानें मध्येंच तोडली जाते. येथें मात्र आम्ही त्या बाईला सवलत देऊं शकत नाहीं. मूल पडणें तिच्या हातांत नव्हतें. सांगणें सर्वस्वी तिच्या हातांत आहे. पण त्याच दमांत आईबापांना हेंहि सांगितलें पाहिजे कीं, पहिल्याच टेंगळाला जे आकांत करतात, ते दुसरें टेंगूळ आपल्यापासून लपविलें जाण्याची व्यवस्था करीत असतात. सत्य ऐकून घेण्याचीहि एक रीत असते, आणि तिच्यावांचून सत्य बोलणाऱ्याचा धीर फार काळ टिकत नाहीं.

शेवटीं सर्वांत दुःखद शक्यतेविषयीं. सर्व काळजी घेतली होती, सर्व नियम पाळले होते, आणि तरीहि मूल गेलें किंवा जन्माचें अपंग झालें. अशा वेळीं त्या बाईनें स्वतःला काय म्हणावें? बर्नार्ड विल्यम्स या इंग्रज तत्त्वज्ञानें १९७६ सालीं या प्रश्नाची चर्चा करतांना एका लॉरीवाल्याचें उदाहरण घेतलें होतें. त्याचा कांहीं दोष नसतां त्याच्या गाडीखालीं मूल सांपडतें. आपण त्याला 'तुझा दोष नाहीं' असें म्हणून धीर देतों, आणि तें योग्यच आहे. परंतु तो जर आपल्या शब्दांनीं चटकन् समाधान पावला, तर आपल्याच मनांत त्याच्याविषयीं शंका येईल. दोष नसतांहि जें घडलें तें आपल्या हातून घडलें, याचें दुःख बघ्याच्या दुःखाहून निराळें असतें, आणि तें तसेंच असावें. याज्ञवल्क्याचा राखणदार दैवाकडे बोट दाखवून मोकळा होतो. ही बाई न्यायालयांत मोकळी झाली तरी मनांत होत नाहीं. तें तिचें दुःख हा तिच्या अपराधाचा पुरावा समजणें हें मोठें क्रौर्य आहे. आणि त्या दुःखाला वेडेपणा समजणें हेंहि तिचा अपमान करणेंच आहे. ज्या मुलाला रोज भरविलें, त्याच्याशीं आपला कांहीं संबंध नव्हता असें ती कशी म्हणेल?

म्हणून अशा एकटीला तिचा धर्म कोणी विचारला, तर आम्ही असें सांगूं: आपल्या हातांची मर्यादा ओळख आणि ती तोंडानें सांग, शांत दिवशींच हांकेच्या अंतरावर माणूस जोडून ठेव, उपचार शिकून घे, म्हणजे त्या क्षणीं आठवतील, जें घडलें तें संध्याकाळीं दारांतच सांगून टाक. एवढें केल्यावर जें उरेल तें तिच्या एकटीच्या माथीं मारण्याचा अधिकार कोणाला नाहीं. आणि आम्हां इतरांना आमचा धर्म विचारला, तर तो याहून पुष्कळ सोपा आहे: समोरच्या दारांतून हांक आली तर हातांतलें काम टाकून जावें, आणि आपण येऊं हें तिला आजच सांगून ठेवावें.