नम्रतेचा उपदेश नेमका कोणाला?

ख्रिस्ती धर्माने माणसाला मान तुकवायला शिकवले आणि त्या मान तुकवण्यालाच मोठेपणा म्हटले, हा आक्षेप मराठी वैचारिक लेखनाला नवा नाही. तो घेणारे बहुतेक जण फ्रीडरिश नीत्शे या जर्मन तत्त्वज्ञाचे म्हणणे उसने घेतात. उत्तर देणारे ख्रिस्ती लेखक शाळा, दवाखाने, अनाथालये यांची यादी पुढे करतात आणि वाद मिटला असे समजतात. वाद त्याने मिटत नाही, कारण सेवा झाली की नाही हा मूळ प्रश्नच नाही. त्या सेवेमागे आणि नम्रतेमागे कोणती वृत्ती आहे, हा आहे.

नीत्शे यांनी १८८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, नैतिक कल्पनांच्या वंशावळीचा शोध घेणाऱ्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, ज्यांना सूड घेता येत नाही ते आपल्या असमर्थतेला क्षमा म्हणू लागतात, ज्यांना प्रतिकार करता येत नाही ते आपल्या भित्रेपणाला नम्रता म्हणतात, आणि अशा रीतीने दुर्बलांच्या मनात साचलेला, बाहेर पडायला वाट न मिळालेला द्वेषच सद्गुण म्हणून मिरवू लागतो. हा दावा सरसकट झटकून टाकणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. भारतात काही ठिकाणी चर्चमध्येही जातीनुसार वेगळ्या बैठका आणि वेगळ्या दफनभूमी राहिल्या. अशा ठिकाणी दलित ख्रिस्ती माणसाला सहनशीलतेचे धडे दिले गेले असतील, तर त्या धड्यांनी कोणाची सोय झाली हे सांगायला तत्त्वज्ञ लागत नाही. आधीच जमिनीवर बसवलेल्या माणसाला खाली बसण्याचा उपदेश करणे हा अन्याय आहे आणि त्यावर शास्त्रवचनाची मोहोर उमटवणे हा त्याहून मोठा अन्याय आहे.

मात्र नीत्शे आणि त्यांचे अनुयायी एक साधी गोष्ट तपासत नाहीत, ती म्हणजे नम्रतेचा हा उपदेश मुळात कोणाला केला गेला. मार्काच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे येशूच्या चार चरित्रांपैकी बहुधा सर्वांत जुन्या चरित्राच्या, दहाव्या अध्यायात जब्दीचे मुलगे याकोब आणि योहान येशूकडे येऊन त्याच्या वैभवात उजवी-डावीकडची आसने मागतात. मत्तयाच्या शुभवर्तमानात हीच मागणी त्यांची आई करते. बहुधा मुलांची हाव तिथे जरा झाकली गेली असावी. इतर दहा शिष्य संतापतात, पण त्यांचा संताप तत्त्वापेक्षा स्पर्धेतून आलेला दिसतो, कारण वाटेत आपल्यात मोठा कोण याची चर्चा बाराही जणांनी याआधी केलेली आहे. या मंडळींना येशू सांगतो की, ज्याला मोठे व्हायचे आहे त्याने सेवक व्हावे. म्हणजे हा उपदेश पदासाठी धडपडणाऱ्यांना, उद्या ज्यांच्या हाती अधिकार येणार आहे त्यांना केलेला आहे.

त्याच अध्यायाच्या शेवटी यरीहोच्या वाटेवर बार्तीमय नावाचा आंधळा भिकारी बसलेला आहे. येशू जात असल्याचे ऐकून तो ओरडू लागतो आणि पुष्कळ लोक त्याला गप्प राहा म्हणून दटावतात. तो गप्प न राहता अधिकच मोठ्याने ओरडतो. येशू थांबतो, त्याला बोलावून घेतो आणि विचारतो की, मी तुझ्यासाठी काय करावे अशी तुझी इच्छा आहे. थोड्याच ओळींपूर्वी याकोब आणि योहान यांनाही त्याने जवळजवळ हाच प्रश्न केला होता. त्या दोघांच्या मागणीवर त्याने सेवक होण्याचा धडा दिला. बार्तीमयाला मात्र तसा एक शब्दही ऐकवला नाही. तू ओरडलास हे बरे नाही, असे तो म्हणत नाही, आपल्या दैवावर समाधान मान असेही म्हणत नाही. तो त्याला दृष्टी देतो, आणि तेही तुझ्या विश्वासाने तुला बरे केले असे सांगून, म्हणजे श्रेय स्वतःकडे न ठेवता. हे दोन प्रसंग शेजारी ठेवून वाचले की नीत्शे यांचा बाण ज्या लक्ष्यावर सोडला आहे ते लक्ष्य या मजकुरात सापडत नाही. फार तर गर्दीत, बार्तीमयाला दटावणाऱ्यांमध्ये सापडेल.

मॅक्स शेलर या जर्मन विचारवंताने १९१२ मध्ये नीत्शे यांना दिलेले उत्तर याच दिशेने जाते: ख्रिस्ती प्रेम उणिवेतून नव्हे, भरलेपणातून खाली वळते. योहानाच्या शुभवर्तमानातील, येशू शिष्यांचे पाय धुतो तो प्रसंग त्याला दुजोरा देतो, कारण सर्व काही आपल्या हाती सोपवले आहे हे जाणूनच येशू कमरेला रुमाल गुंडाळतो. तरीही या उत्तराने सगळी अडचण सुटत नाही. भरलेपणातून वाकणारा माणूसही आश्रितांचा मोठा घोळका जमवू शकतो आणि त्या घोळक्याच्या कृतज्ञतेवर पुन्हा सिंहासन उभारू शकतो. लूकाने हा धोका ओळखला होता. त्याच्या शुभवर्तमानात मोठेपणाचा वाद थेट शेवटच्या भोजनाच्या वेळी होतो आणि तिथे येशू अधिकार गाजवणाऱ्यांबरोबरच उपकारकर्ते म्हणून गौरवल्या जाणाऱ्यांचेही नाव घेतो. ग्रीक जगात राजे आणि धनिक यांना ही पदवी दिली जाई, तिचे शिलालेख कोरले जात आणि इजिप्तच्या तिसऱ्या टॉलेमीने तर ती आपल्या नावालाच जोडली होती. तेव्हा केवळ सेवा हे मोठेपणाचे माप म्हणून पुरत नाही आणि सामर्थ्यवानाने केलेली सेवा हेही पुरत नाही. जिची सेवा झाली ती व्यक्ती सेवकावाचून उभी राहू शकते का, हे पाहावे लागते.

या कसोटीवर पंडिता रमाबाईंचे आयुष्य तपासण्याजोगे आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यानंतर धर्मसिद्धान्त आणि चर्चचा अधिकार यांवरून तिथल्या ख्रिस्ती भगिनीसंघातील सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, त्यात रमाबाईंनी बिशप किंवा पाद्री यांच्यापुढे आपली सदसद्विवेकबुद्धी गहाण टाकण्यास नकार दिला. समोरच्यांना तो अहंकार वाटला आणि नम्र होण्याचा सल्ला वारंवार दिला गेला. हा सल्ला ज्यांनी दिला त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही, पण त्यांची जागा दटावणाऱ्यांच्या गर्दीत होती.

त्याच रमाबाई वाकल्या ते अगदी वेगळ्या जागी. १८७८ मध्ये कलकत्त्यात संस्कृत विद्वत्तेसाठी 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळवलेल्या या बाईंनी आयुष्याची अखेरची वर्षे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक भाषांतून संपूर्ण बायबल मराठीत आणण्यात घालवली. जेमतेम लिहावाचायला शिकलेल्या बाईलाही कळावी अशी मराठी हवी, म्हणून संस्कृतप्रचुर शब्द त्यांनी जाणूनबुजून बाजूला ठेवले; ज्या विद्येने त्यांना मोठे केले तीच खाली ठेवली. छापखान्यात खिळे जुळवण्यापासूनचे काम आश्रमातल्या स्त्रियांनी केले. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी वारल्या आणि पुस्तक १९२४ मध्ये बाहेर आले. ते मराठी चर्चमध्ये रूढ झाले नाही, म्हणून काही जण त्याला फसलेला खटाटोप मानतात. खपाच्या आकड्यांनी ते मोजणे म्हणजे पुन्हा जब्दीच्या मुलांचीच मोजपट्टी हाती घेणे होय.

मुक्ती मिशनमध्ये रमाबाई स्वतः शेकडो निराधार स्त्रियांच्या आश्रयदात्या होत्या, तेव्हा उपकारकर्त्याच्या सत्तेचा प्रश्न त्यांनाही चुकत नाही, आणि भाषांतरामागे धर्मप्रसाराचा हेतू होता हेही खरे आहे. पण धर्मग्रंथ ज्या भाषेत ती जेमतेम शिकलेली बाई भांडते त्याच भाषेत तिच्या हाती दिला की, तो समजावून सांगणाऱ्यावर तिला अवलंबून राहावे लागत नाही. देणारीचा अर्थ तिला पटला नाही तर पान उघडून ती तसे सांगू शकते, जसे रमाबाईंनी सिस्टर जेराल्डीन यांना सांगितले होते.