मरुभूमीतील नदी आणि जीवाचे क्षेत्र

मिसर देशाचा बहुतांश भाग वाळवंट आहे. कैरो नगरात वर्षाकाठी सरासरी एक इंचभरच पाऊस पडतो. तरीही त्या भूमीत हजारो वर्षे शेती पिकली, ती नाईल नदीमुळे. अटबारा नदीच्या संगमानंतर समुद्रापर्यंत तिला एकही उपनदी मिळत नाही. तिचे महापूर येत ते दूर इथिओपियाच्या डोंगरांवरील पावसाने. ज्या पाण्यावर मिसर जगला, ते पाणी त्या वाळूचे नव्हे.

जीवाचेही असेच आहे. तो अनादि अविद्येने युक्त. ज्ञान त्याच्या ठायी आपोआप उपजत नाही, परमेश्वरकृपेनेच प्राप्त होते. प्राचीन मिसरी लोकांनी पुराला ‘हापी’ ही देवता मानून पूजिले. परंतु देवतांची फळे नाशवंत. मोक्षदाता एक परमेश्वरच.

तथापि पूर आला तरी शेतकऱ्याला बांध घालून पाणी कोंडावे लागे, तेव्हा गाळ बसे आणि पीक येई. १९७० मध्ये अस्वानचे उंच धरण पूर्ण झाले. तेव्हापासून पाणी बारमाही मिळते, पण सुपीक गाळ धरणामागेच राहतो.

साधकाने येथे आपले क्षेत्र तपासावे. निरूपणाचे श्रवण बारमाही चालते. त्यातील सार अहंकाराच्या भिंतीमागे अडून तर राहत नाही ना? श्रीचक्रधर स्वामींच्या आज्ञेप्रमाणे स्मरण आणि आचरण घडेल, तरच ऐकलेले अंतःकरणात रुजेल. कृपा करणे परमेश्वराकडे. क्षेत्र सज्ज ठेवणे जीवाकडे.